पाठदुखीचा ब्लॉग

६ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून पुन्हा कामावर. नऊ आठवड्यांनी. सगळ्यांनी पाठीची चौकशी केली.

मला पाठीचं काही नाही. हे फक्त इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. डिसेंबरात मी अंथरुणातून उठायचं बंद केलं, तेव्हा हिने लॅबमध्ये फोन करून सांगितलं — "ह्यांची पाठ धरली आहे." पुढे मी तीन आठवडे इस्पितळात होतो, मानसिक आजारांच्या वॉर्डात, दाराजवळची खाट. तेव्हा पाठीचं ऑपरेशन टळलं असं सगळ्यांना कळवलं गेलं. नातेवाइकांना हायसं वाटलं. मुलगी वसतिगृहात असते, तिलाही पाठच सांगितली आहे.

आमची लॅब म्हणजे दातांची. दंतवैद्य ठसे पाठवतात, आम्ही कवळ्या करतो. मालकांनी माझ्या खुर्चीवर उशी ठेवली होती, मधे भोक असलेली. पॉलिशवाला म्हणाला, जमिनीवर झोपत जा. साचे ओतणाऱ्या बाई म्हणाल्या, जमिनीवर मुळीच झोपू नका. दोघांचे आभार मानले. उठताना कमरेला हात लावायला विसरलो. मग परत बसलो आणि हात लावून उठलो.

काम जमलं. एक वरची कवळी, चौदा दात. कोणाची ते माहीत नाही. आम्हाला फक्त नंबर येतो.

११ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे महिन्याची भेट. माझ्या आजाराला दोन टोकं आहेत. एका टोकाला अंथरूण. दुसऱ्या टोकाला गेला ऑक्टोबर — तेव्हा मी चार दिवस न झोपता जगातल्या प्रत्येक माणसाला बसेल अशी एकच कवळी शोधून काढली. ती मालकांनाही बसली नाही.

बाईंनी विचारलं, "काही लिहिता का?"

म्हटलं, "रोजनिशी लिहितो."

"ती कोण वाचतं?"

"कोणी नाही."

"मग कोणीतरी वाचेल असंही काही लिहून बघा. नाव देऊ नका हवं तर. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत."

मी म्हटलं, बघतो. मी हे वाक्य सगळ्यांना म्हणतो.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

ब्लॉग उघडला. आधी नाव विचारतो. 'कवळीवाला' दिलं. मग ब्लॉगचं शीर्षक विचारतो. बराच वेळ काही सुचेना. 'पाठदुखी' दिलं.

पहिली पोस्ट सहा ओळींची. नऊ आठवडे कुठे होतो ते खरं लिहिलं. बटण दाबलं आणि उठून पाणी प्यालो. काहीच झालं नाही. छत जागेवर होतं.

हिला सांगितलं नाही. ती म्हणेल, आता हे कशाला.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

वाचक दोन. एक मी, घरच्या संगणकावरून. दुसरा मी, फोनवरून.

२० फेब्रुवारी, सोमवार

पहिली प्रतिक्रिया आली. एका गृहस्थांनी विचारलंय — "गरम पाण्याची पिशवी चांगली की बर्फ?" शीर्षक बघून आले असणार. पोस्ट वाचलेली दिसत नाही.

मी लिहिलं, "डॉक्टरांना विचारा."

त्यांनी लिहिलं, "धन्यवाद. तुमच्या ब्लॉगचा फार आधार वाटतो."

२५ फेब्रुवारी, शनिवार

आज खरी प्रतिक्रिया. लिहिणारीचं टोपणनाव 'अर्धं तिकीट'. बसमध्ये कंडक्टर आहे म्हणते.

"तुमची पाठ दुखत नाही हे वाचून बरं वाटलं. माझ्या डेपोत सगळ्यांना वाटतं मला मूळव्याध आहे. दोन वर्षं झाली. मला फक्त कधीकधी वाटतं की प्रवासी माझ्याबद्दल बोलताहेत. गोळ्या घेते. आता ते फक्त तिकिटाबद्दल बोलतात."

मी हसलो. मोठ्याने. ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात मी हसलो की तपासणी होते. म्हटलं, "काही नाही, एक विनोद वाचला." तिने डोळ्यांत नीट पाहिलं, मग आत गेली.

३ मार्च, शुक्रवार

आंघोळीवर लिहिलं. डिसेंबरात मी आंघोळ का करू शकत नव्हतो, ते. आंघोळीला किती पायऱ्या असतात ते निरोग्याला कळत नाही. उठणं, टॉवेल शोधणं, कपडे काढणं, पाणी गार की गरम ते ठरवणं — मी टॉवेलपर्यंत पोचायचो आणि तो हातात घेऊन पलंगावर बसायचो. ही बाहेरून विचारायची, "झाली का?" मी म्हणायचो, "होतेय."

अकरा प्रतिक्रिया! एका दिवसात. गरम पिशवीवाले गृहस्थही होते, पण यावेळी नुसतं "वाचतोय" म्हणाले.

'शेवटचा बाक' नावाचे एक शिक्षक आहेत. लिहितात, "माझी नऊ दिवस झाली नव्हती. वर्गातल्या मुलांनी काही न बोलता खिडक्या उघडल्या." आणखी एक 'खिडकीपाशी'. बाई आहेत. दोन वर्षं घराबाहेर पडलेल्या नाहीत. "मी नुसते पाय धुते आणि तीच आंघोळ धरते," म्हणतात. त्याखाली अर्ध्या तिकिटाने लिहिलंय — "अर्ध्या तिकिटावरही बसमध्ये घेतात, बाई."

वॉर्डात मी एकवीस दिवस माणसांत होतो. तिथे कोणी कोणाला आंघोळीबद्दल काही बोललं नाही.

१० मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी काम दिलं होतं. बरे आहात तोवर लिहून ठेवा, तुमचा ऑक्टोबर कसा सुरू होतो. तेव्हा विचारलं तर तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणाल्या.

ते ब्लॉगवरच लिहिलं. झोप कमी लागते आणि त्याचा मला अभिमान वाटतो. लोक फार सावकाश बोलतात असं वाटू लागतं. वाक्यांच्या शेवटी उद्गारचिन्हं येतात. मी 'क्रांती' हा शब्द वापरतो, तोही दातांच्या बाबतीत. आणि जो कोणी "जरा बस" म्हणतो तो माझ्यावर जळतोय अशी खात्री पटते.

'खिडकीपाशी'ने लिहिलं, "हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. तुमच्यासाठी."

१९ मार्च, रविवार

चार दिवस शेवटच्या बाकाचा पत्ता नव्हता. तो रोज सकाळी शाळेत जाण्याआधी काहीतरी लिहितो, निदान "हजर" एवढं. पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मास्तर कुठे?" तिसऱ्या दिवशी सात जणांनी विचारलं. त्याचं नाव, गाव, शाळा, कोणाला काही ठाऊक नाही. शोधायचा म्हटलं तरी शोधणार कुठे. कामावर दोनदा फोन उघडून पाहिला. साचेवाल्या बाई म्हणाल्या, "घरी काही आहे का?" म्हटलं, पाठ.

आज दुपारी लिहिलं त्याने. "दवाखान्यात होतो. मी स्वतःच गेलो, कोणाला न्यावं लागलं नाही. फोन काढून घेतात तिथे. परत येऊन पाहिलं तर सात जणांनी हजेरी घेतली होती. माझ्या शाळेत कोणी घेतली नाही."

त्याखाली पहिलं उत्तर गरम पिशवीवाल्या गृहस्थांचं — "मास्तर, आधी जेवून घ्या."

कोणीतरी नवीन आलंय, कुठली गोळी घेऊ म्हणून विचारत होतं. मी वर ठळक अक्षरात नियम लावला. गोळ्यांची नावं नाहीत, सल्ले नाहीत, त्यासाठी डॉक्टर आहेत. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

२७ मार्च, सोमवार

हात कापतोय. महिनाभर किंचित होता, कोणाला दिसत नव्हता. आज पुढचा दात मेणात बसवताना सुरी सरकली आणि शेजारच्या दाताचा कोपरा उडाला. तिसऱ्यांदा. ही कवळी कोणा मुख्याध्यापिकेची आहे म्हणे, निरोपसमारंभाला हवी आहे, भाषण आहे त्यांचं.

मालक मागे उभे होते. "पाठीमुळे हात कापतो?"

"नस दबली असेल."

"हं," म्हणाले. ती कवळी त्यांनी स्वतः करायला घेतली.

तेवीस वर्षं मी हे काम करतोय. कवळीत वरखालच्या दातांचा चावा नीट बसला की माणसाचा चेहरा जागेवर येतो. दुसरं काही मला येत नाही. गोळीमुळे हात कापतो हे मला ठाऊक आहे. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात आहे.

२८ मार्च, मंगळवार

आज सकाळची गोळी घेतली नाही. ही समोर उभी राहून बघते, म्हणून गालात धरली. दातांच्या धंद्यात असल्याचा हा फायदा — तोंडात कुठे काय लपतं ते मला माहीत आहे. लॅबमध्ये जाऊन ओल्या प्लास्टरच्या साच्यात टाकली. कोणा अनोळखी माणसाच्या खालच्या जबड्यात आहे ती आता.

हे ब्लॉगवर लिहिलेलं नाही.

४ एप्रिल, मंगळवार

हात स्थिर! आठ दिवसांत! आज दोन पूर्ण जोड्या केल्या. पॉलिशवाला म्हणाला, तुझं काम आता परत तुझ्यासारखं दिसतंय. रात्रीची गोळीही बंद केली.

९ एप्रिल, रविवार

मी इतके महिने धुक्यात होतो हे मला कळलंच नव्हतं! रंग पाहा! प्लास्टर पांढरं नसतं, त्यात निळा असतो! आज ब्लॉगवर तीन पोस्ट टाकल्या, एकाहून एक. ब्लॉग छोटा पडतोय. त्याचं मोठं काहीतरी व्हायला हवं. प्रत्येक रुग्णाला एक ब्लॉग, प्रत्येक ब्लॉगला दहा वाचक, आणि ते दहा वाचकही रुग्णच — म्हणजे कोणी एकटं उरणारच नाही! गणित अगदी सोपं आहे. आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

ही म्हणाली, "जरा बसा." किती सावकाश बोलते ती.

१३ एप्रिल, गुरुवार

पाच पोस्ट. मालकांना योजना सांगितली — प्रत्येक कवळीच्या डबीत ब्लॉगचा पत्ता घालायचा! वृद्ध माणसं एकटी असतात! दात आणि मन, दोन्ही एकाच डबीत! मालक म्हणाले, "आधी हातातलं संपव." ते जुन्या पिढीचे आहेत.

झोप तीन तास. पुरते. उत्तम पुरते. माणसं आठ-आठ तास काय करतात झोपून?

१७ एप्रिल, सोमवार

नऊ पोस्ट! शेवटची 'दंतक्रांती' — चार हजार शब्द, एका बैठकीत! हे लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील कधी सुचलं म्हणून!

१८ एप्रिल, मंगळवार

'खिडकीपाशी'ची प्रतिक्रिया — "कालपासून तुमच्या नऊ पोस्ट झाल्या. पहिली पहाटे साडेतीनची. मी मुद्दाम मोजत नव्हते. झोप होते आहे ना?"

दोन वर्षं घराबाहेर न पडलेली बाई मला विचारते! पुसून टाकली.

संध्याकाळी अर्ध्या तिकिटाने लिहिलं. "तिचं पुसलंत, माझंही पुसा. पण आधी तुमचीच १० मार्चची पोस्ट वाचा. मग पुसा."

जळतात माझ्यावर.

१९ एप्रिल, बुधवार

वाचली.

आधी वाचणार नव्हतो. नवीन पोस्टला जोडायला म्हणून उघडली. झोपेचा अभिमान. सावकाश बोलणारी माणसं. क्रांती, तीही दातांची. "जरा बस" म्हणणारे. सगळं तिथे होतं, माझ्याच शब्दांत, आणि ते लिहिणारा माणूस शांत होता. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्याला दोन वाक्यांत खोडून काढलं असतं. या माणसाशी वाद घालता येईना.

मग या वहीची मागची पानं पाहिली. ४ तारखेपासून उद्गारचिन्हं मोजायला लागलो. मोजून संपवली नाहीत.

ब्लॉगवर तीन ओळी टाकल्या. "गोळ्या बंद केल्यात. २८ मार्चपासून. हात कापत होता म्हणून."

मला वाटलं आता बोलणी खावी लागतील. वर नियम लावणारा मीच. कोणी रागावलं नाही. अर्ध्या तिकिटाने लिहिलं, "मीही एकदा केलं होतं. अकराव्या दिवशी बस मधेच थांबवून सगळ्या प्रवाशांना उतरवलं, कारण ते माझ्याबद्दल बोलत होते. पाऊण तास उन्हात उभे होते बिचारे. घरी कोणाला माहीत आहे?"

मी लिहिलं, "नाही."

शेवटचा बाक — "मग इथे काय बसलात? उठा."

२० एप्रिल, गुरुवार

सकाळी कामावर गेलो नाही. ही वाळलेले कपडे घडी करत होती. मी दारात उभा राहिलो. चालू झालेलं डोकं थांबत नव्हतं, पायही थांबत नव्हते, तरी उभा राहिलो. म्हटलं, "गोळ्या घेत नाहीये."

तिच्या हातात माझा शर्ट होता. "किती दिवस?"

"चोवीस."

"मी रोज समोर उभी असायचे."

"गालात ठेवायचो."

तिने शर्टाची घडी पूर्ण केली. बाही आत, कॉलर वर, नेहमीसारखी. तो ढिगावर ठेवला आणि चपला घातल्या. "चला."

रिक्षात मी योजनेबद्दल बोलत होतो. बोलतोय हे कळत होतं, तरी बोलत होतो. ती बाहेर बघत होती आणि माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं.

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात भेटल्या. आधी झोपेचं विचारलं, मग खाण्याचं, मग जीव द्यायचे विचार येतात का, ते. नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मग म्हणाल्या, "हात कापतो हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

कागद पुढे केला त्यांनी. मार्चच्या भेटीत विचारलं होतं — काही त्रास? माझं उत्तर लिहिलेलं होतं. 'बघतो.'

"हात कापणं या गोळीचं नेहमीचं आहे," म्हणाल्या. "रक्त तपासून मात्रा कमी करता येते. गोळी बदलता येते. पण त्यासाठी बोलावं लागतं. आणि आज आलात ते कसे काय?"

मी ब्लॉग दाखवला. ही शेजारी बसली होती. तिनेही तेव्हाच पाहिला.

इस्पितळात ठेवलं नाही. "एक आठवडा उशिरा आला असतात तर ठेवावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. दोन आठवडे घरी. नवी गोळी. दर तीन दिवसांनी भेट.

२१ एप्रिल, शुक्रवार

झोपलो.

२४ एप्रिल, सोमवार

झोपलो. जेवलो. 'दंतक्रांती' पुसायला बसलो तर त्याखाली गरम पिशवीवाल्या गृहस्थांची प्रतिक्रिया. "सगळं वाचलं. काही कळलं नाही, पण कळकळ पोचली." ठेवली तशीच.

'खिडकीपाशी'ची माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्याकडे वहीत अजून आहे ते सगळं. पुढच्या वेळी पान दाखवीन."

२९ एप्रिल, शनिवार

हिने ब्लॉग पूर्ण वाचला. जेवणाच्या टेबलावर बसून, चष्मा लावून, पहिल्यापासून. मला घरात कुठे बसावं कळेना. दोनदा पाणी प्यालो.

तिने फोन खाली ठेवल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"शुद्धलेखन बरं आहे."

मग चष्मा काढत, "यात मी कुठे आहे?"

म्हटलं, आहेस की. आंघोळीच्या पोस्टमध्ये बाहेरून विचारतेस. आणि इस्पितळाच्या पोस्टमध्ये डबा घेऊन येतेस.

"हं," म्हणाली, आणि चष्म्याच्या काचा पुसत बसली.

२ मे, मंगळवार

मुलीला फोन केला. म्हटलं, पाठ नव्हती.

"माहीत आहे, बाबा."

"कसं?"

"आई खरं बोलते तेव्हा एका वाक्यात संपवते. पाठीचं सांगताना तिने मणक्याचा नंबर दिला होता."

मग तिने विचारलं, आता कसं आहे. मी बघतो म्हणणार होतो. त्याऐवजी सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं. शेवटी म्हणाली, ब्लॉगचा पत्ता पाठवा. पाठवला. आता भाषा सांभाळायला हवी.

८ मे, सोमवार

कामावर. मालकांच्या खोलीत गेलो, दार लावलं. सकाळपासून चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही वापरलं नाही. म्हटलं, "मला पाठदुखी कधीच नव्हती. मनाचा आजार आहे. बायपोलर म्हणतात. ऑक्टोबरातली कवळी आणि परवाची डबीची योजना त्यातलीच. हात गोळीने कापत होता. गोळी बदलली आहे, कमी होतोय."

मालक बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मी मनात सामान आवरायला घेतलं — सुऱ्या माझ्या, दिवा लॅबचा.

"म्हणजे पाठ ठणठणीत आहे?"

"हो."

"मग उशी परत दे," म्हणाले. "घरून आणली होती मी. मला खरंच दुखते."

उशी आणून दिली. ती खाली ठेवून बसले, जरा हलून जागा केली. मग म्हणाले, "हात पूर्ण थांबेपर्यंत साचे तपास. पुढचे दात मी बघतो. आणि परत तसं काही सुरू झालं तर मला कसं कळायचं?"

म्हटलं, "मी 'क्रांती' म्हणेन."

त्यांनी ते टेबलावरच्या दिनदर्शिकेवर लिहून घेतलं.

बाहेर आलो. पॉलिशवाल्याला आणि साचेवाल्या बाईंनाही सांगितलं, आता उगाच लपवायचं कशाला. पॉलिशवाला मान हलवून पुन्हा यंत्राकडे वळला. साचेवाल्या बाई म्हणाल्या, "माझा भाऊ होता तसा." होता म्हणाल्या. पुढे विचारलं नाही. संध्याकाळी निघताना त्यांनी ब्लॉगचा पत्ता एका कागदावर मागून घेतला.

२१ मे, रविवार

'खिडकीपाशी' आज खाली टपालपेटीपर्यंत जाऊन आली. दोन मजले. पेटीत काही नव्हतं. "तरी किल्ली लावून उघडली आणि बंद केली," लिहिलंय. छत्तीस जणांनी अभिनंदन केलं. अर्ध्या तिकिटाने विचारलं, परतीचं तिकीट काढलं होतंत ना.

ब्लॉगने कोणी बरं होत नाही. हे मी वर ठळक अक्षरात लिहिलंय, गोळ्यांच्या नियमाखाली. गोळी डॉक्टरांची, झोप आपली आपण घ्यायची. पण सकाळी उठून कोणी "हजर" लिहिलं की खाली आपलंही "हजर" लिहावं लागतं, आणि ते लिहायला उठावं लागतं.

३ जून, शनिवार

आज पहिल्यांदा पुढचे सहा दात बसवले. मालक मागे उभे राहिले होते. कवळी माझ्याच हातात ठेवून निघून गेले. म्हणजे जमलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता महिन्याने या. हिच्याकडे वळून म्हणाल्या, "यांची झोप कशी आहे?" ही म्हणाली, "छान. साडेसहा-सात तास. मी बघते ना."

११ जून, रविवार

काही विशेष नाही. चांगलं आहे.

१८ जून, रविवार

सकाळी हिने चहाच्या कपाशेजारी तिचा फोन ठेवला. "वाचा," म्हणाली आणि समोर बसली.

नवा ब्लॉग. कालचाच. एकच पोस्ट.

"माझे हे आता बरे आहेत. सगळे मला तेवढंच विचारतात. डिसेंबरपासून मी सलग दोन तास झोपलेले नाही. यांचा श्वास ऐकत पडून राहते. दिवसा न्हाणीघरात नळ सोडून बसते, म्हणजे बाहेर आवाज जात नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की आपण नसलो तर जरा विश्रांती मिळेल. हे कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून इथे लिहिते."

मी रोज तिच्या समोरच बसतो.

चपला घातल्या. म्हटलं, "चल."